टॅरोचं माहेर

पुणे, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

पार्सल पोचलं. माझ्या आधी आईनेच फोडलं. दरवर्षी इकडून चिवडा-चकल्या जातात, तिकडून, जपानहून, कधी काही येत नाही, म्हणून तिला घाई. निघाला पत्त्यांचा कॅट. "या वयात तीनपत्ती?" म्हणाली. मी म्हटलं, अगं हे भविष्याचे पत्ते, टॅरो, आणि चित्रं जपानी, जुन्या उकियो-ए पद्धतीची, म्हणजे लाकडी ठशांनी छापायचे तशी. त्यावर तिचं म्हणणं, मग तर पैसे लावूनच खेळ, निदान काही हाती लागेल.

तू चिठ्ठीत लिहिलंयस, "छपाईतलं तुला कळतं, बघून सांग." सांगतो. राग मानू नकोस.

पहिल्यांदा मशीनवरचं भिंग लावलं. ठिपकेच ठिपके, निळे, गुलाबी, पिवळे, काळे. म्हणजे आपल्या लग्नपत्रिका निघतात तसंच चार रंगांचं ऑफसेट, वर मॅट लॅमिनेशन. छपाई स्वच्छ आहे, कुठे रजिस्टर हललेलं नाही, म्हणजे रंग एकमेकांवरून सरकलेले नाहीत. पण लाकडी ठशाच्या छपाईत ठिपका नसतोच रे. चित्रकार पातळ कागदावर रेघांचं चित्र काढायचा. कोरणारा तो कागद उलटा चेरीच्या फळीवर चिकटवायचा आणि त्याच्यासकट लाकूड कोरायचा, म्हणजे मूळ चित्र तिथेच संपलं. मग प्रत्येक रंगाची वेगळी फळी. छापणारा फळीवर रंग ब्रशने लावून वर ओलसर कागद ठेवणार आणि मागून बारेन घासणार. बारेन म्हणजे बांबूच्या सालीत गुंडाळलेली गोल चकती. असे अनेक रंग एकावर एक चढवूनही कागद हलायचा नाही, कारण प्रत्येक फळीच्या कोपऱ्यात आणि कडेला एकेक खाच, तिला केन्तो म्हणतात. आपण ज्यासाठी दिवसभर मशीनमनवर ओरडतो ते काम हे लोक अठराव्या शतकापासून दोन खाचांवर भागवत होते. हे वाचल्यापासून मी मशीनमनवर जरा कमी ओरडतो. (जरा.)

आता चित्रं. काढणाऱ्याचा हात चांगला आहे, त्याने विचारही केलाय, फक्त सगळीकडे पुरेसा केलेला नाही. 'मनोरा' बघ. टॅरोत त्यावर वीज पडते आणि माणसं खाली कोसळतात. याने पाच मजली पॅगोडा काढलाय. दिसतो झकास. पण जपानातलंच नेमकं उदाहरण हातात असताना पॅगोडा कशाला? ओसाका किल्ल्याच्या मुख्य मनोऱ्यावर १६६५ साली खरोखर वीज पडली आणि तो जळून गेला. आज तू ज्याचा फोटो काढून पाठवतोस तो मनोरा १९३१ चा, काँक्रीटचा.

'सम्राज्ञी' तर वहिनींना दाखवच. किमोनोची उजवी बाजू वर आलीय. जिवंत माणसाची डावी बाजू वर असते, उजवी वर घेतात ती प्रेताला नेसवताना. म्हणजे भरल्या शेतात बसलेली, सुबत्तेची ही बाई सरणावरच्या कपड्यात! माझा अंदाज, चित्र कुठेतरी उलटं पडलं. आपण एकदा नवरदेवाचा फोटो उलटा छापला होता, तेव्हा मुलाच्या बापाने भर दुकानात काय तमाशा केला ते तुला आठवत असेल. पाचशे पत्रिका पदरच्या पैशाने परत छापल्या. शिवाय 'सम्राट' या पानाचा क्रमांक चार, आणि जपानीत चार आणि मृत्यू दोन्ही 'शी'. नवरा-बायको दोघंही अपशकुनी निघाले म्हणायचे. अर्थात चाराचा दोष या चित्रकाराचा नाही, तो आकडा युरोपातूनच आला.

'निवाडा' मात्र मला फार आवडला. तुतारी वाजवणाऱ्या देवदूताच्या जागी एन्मा बसवलाय, लाल चेहऱ्याचा, पुढ्यात आरसा. त्या आरशात मेलेल्याला स्वतःची कर्मं दिसतात. एन्मा म्हणजे आपला यमच, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे गेलेला. रेडा वाटेत कुठे राहिला कोण जाणे.

आता ज्याच्यासाठी एवढा कागद घेतला ते. आमच्या मेव्हणीकडे टॅरोचा नेहमीचा कॅट आहे, १९०९ साली लंडनला निघालेल्या चित्रांचा. काल तिला तो घेऊन बोलावलं आणि दोन्हीतली पानं जोडीने मांडली. 'नाण्यांची दुर्री' घे. जुन्या पानात एक पोऱ्या दोन नाणी झेलतोय आणि त्याच्या मागे समुद्रात दोन गलबतं उंच लाटांवर हेलकावतायत. तुझ्या पानात मागे सरळ होकुसाई या जपानी चित्रकाराची ती जगप्रसिद्ध लाट आहे. मला वाटलं होतं जुन्याशेजारी नवं परकं दिसेल. पण जाड काळी रेघ, सपाट रंग, सावली जवळजवळ नाही, हे सगळं जुन्यातही तसंच. मेव्हणी म्हणाली, "दोघी बहिणी वाटतात."

मग शोधत बसलो. जुनी पानं काढली पामेला कोलमन स्मिथ नावाच्या बाईने. ती लहान वयातच न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये प्रॅट इन्स्टिट्यूटला शिकायला गेली. तिथे तिचा मास्तर आर्थर वेस्ली डाऊ. या डाऊने १८९१ साली बॉस्टनमध्ये होकुसाईची चित्रं पाहिली आणि तेव्हापासून तो विद्यार्थ्यांना तेच शिकवत राहिला : रेघ, गडद-फिक्याचा तोल, रंग. म्हणजे टॅरोला जपानी कपडे आता चढवलेत असं आपण म्हणतो, पण ते त्याच्या अंगात शंभर वर्षांपूर्वीच होते. तू पाठवलेला कॅट जपानला पहिल्यांदा गेलेला नाही, माहेरी जाऊन आलाय. आणि गंमत म्हणजे होकुसाईच्या लाटेतली निळाई बर्लिनची. जपानीत तिला 'बेरो-आई' म्हणतात, त्यातला 'बेरो' म्हणजे बर्लिन. पत्ते हा प्रकारही तिकडे पोर्तुगीजांनी नेला, 'कार्ता'चं 'कारुता' झालं. ती गलबतं गोव्याहूनच सुटायची. शोगुनांनी, म्हणजे तिथल्या लष्करी राज्यकर्त्यांनी, पत्त्यांवर बंदी घातली की लोक नवी चित्रं काढून नवा खेळ सुरू करायचे. तुझा पोरगा ज्या निन्टेन्डोवर डोळे फोडून घेतो ती कंपनी १८८९ ला क्योटोत हानाफुदाचे, म्हणजे फुलांच्या चित्रांचे, पत्ते बनवायलाच निघाली होती.

त्या बाईचं वाईट वाटतं रे. नोव्हेंबर १९०९ च्या एका पत्रात तिने लिहिलंय की काम मोठं झालं, पैसे फार थोडे. पत्त्यांना नाव लागलं प्रकाशकाचं आणि मजकूर लिहिणाऱ्याचं. १९५१ ला इंग्लंडात कॉर्नवॉलला वारली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. पण प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तिने आपली आद्याक्षरं वेटोळ्यासारखी गुंफून ठेवलीयत. भिंग ठेवलं की लगेच सापडतात. तुझ्या कॅटवरही चित्रकाराचं नाव कुठे दिसलं नाही, डब्याच्या तळाशी जपानीत काही बारीक अक्षरं आहेत. फोटो पाठवतो, वहिनींकडून वाचून घे.

भविष्य? मेव्हणीने पाहिलं माझं. यंत्रावर खर्च निघणार म्हणाली. ते मला पत्त्यांशिवायही माहीत होतं.

पुढच्या वेळी कॅट नको. एखादा साधा, हाताने छापलेला लहानसा ठसा मिळाला तर आण, फाटका चालेल. मला त्याची मागची बाजू बघायचीय, बारेन घासल्याच्या खुणा.

आणि हो, हा कॅट आता सत्त्याहत्तर पानांचा आहे. 'चंद्र' आईने घेतला. त्यात चंद्राच्या आत ससा उखळात मोची कांडतोय. ती बराच वेळ बघत बसली, मग म्हणाली, "अरे, तिकडेही ससाच आहे की." सध्या तो ज्ञानेश्वरीत, खुणेला. मागायची माझी हिंमत नाही.

वहिनींना नमस्कार, पोराला आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या