टोर्नेडोला चक्रीवादळ म्हणू नका

संपादक महोदय,

अमेरिकेत १० डिसेंबर २०२१ च्या रात्री झालेल्या संहाराबद्दल आपल्या अंकात वाचलं. ‘अचानक आलेल्या चक्रीवादळाने मेफिल्ड शहर उद्ध्वस्त केले, हवामान खाते बेसावध राहिले’ असं त्यात म्हटलं आहे. त्या रात्री मी केंटकी राज्यातच होते, बोलिंग ग्रीन गावात लेकीकडे. तिच्या बाळंतपणासाठी गेले होते, नातू जेमतेम महिन्याचा होता. म्हणून हे वाक्य वाचून गप्प बसवलं नाही.

चक्रीवादळ समुद्रावर तयार होतं, शेकडो किलोमीटर पसरतं, उपग्रहांना कित्येक दिवस आधी दिसतं. टोर्नेडो म्हणजे गडगडाटी ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला भोवरा. त्याचं आयुष्य बहुतेक वेळा काही मिनिटांचं असतं. दोघांना एकच नाव दिलं की वाचक साहजिकच विचारतो, चार दिवस आधी का नाही सांगितलं? पण चार दिवस आधी टोर्नेडो अस्तित्वातच नसतो, मग त्याची वाट कशी सांगणार? आधी सांगता येते ती फक्त परिस्थिती, आणि ती सांगितली गेली होती. ओक्लाहोमा राज्यात नॉर्मन इथे असलेल्या वादळ-अंदाज केंद्राने आदल्या दिवशीच धोक्याचा पट्टा नकाशावर दाखवला होता. १० तारखेला धोक्याच्या पाच पायऱ्यांपैकी चौथी जाहीर झाली.

डिसेंबरात हे काम अधिक अवघड असतं. हिवाळ्यात वरचे वारे जोरात असतात आणि उंचीनुसार त्यांचा वेग व दिशा झपाट्याने बदलते, त्यामुळे ढगाला पीळ बसायला हवं ते सगळं तयार असतं. कमी पडते ती जमिनीलगतची ऊब आणि ओल. त्या दिवशी मेक्सिकोच्या आखातावरून तीही आली. अंगात स्वेटर नको वाटावा इतकी हवा उबदार होती, आणि आम्ही बाळाला अंगणात घेऊन बसलो होतो. तरीही ढग एकमेकांना चिकटून लांबलचक रांग करतील की सुटे राहतील, हा प्रश्न संध्याकाळपर्यंत उरतोच. सुटा राहिलेला, स्वतःभोवती फिरणारा ढग सर्वांत घातक. असाच एक ढग आर्कान्सा राज्याकडून केंटकीपर्यंत कित्येक तास टिकला. त्यातून उतरलेला एक टोर्नेडो जवळजवळ तीन तास जमिनीवर होता. सुमारे २६६ किलोमीटरची वाट, वाऱ्याचा कमाल वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर, आणि ५७ मृत्यू. मेफिल्ड त्याच वाटेवर होतं. काळोखात डोळ्यांना काही दिसत नसताना रडारवर हवेत उडालेला ढिगारा दिसला, आणि टोर्नेडो गावात शिरण्याआधी सर्वांत वरच्या पातळीचा इशारा गेला. तरीही तिथल्या मेणबत्त्यांच्या कारखान्यात पाळीवर असलेल्यांपैकी ९ जण दगावले.

आमच्या गावात मध्यरात्रीनंतर एकच्या सुमाराला टोर्नेडोच्या इशाऱ्याने फोन किंचाळले. लेक बाळाला उचलायला धावली आणि मी तिला म्हटलं, “अगं, आत्ताच झोपलाय तो, बंद कर ते. डिसेंबरात कुठे टोर्नेडो येतात?” मी भूगोल शिकवण्यात हयात घालवली आहे. टोर्नेडोचा हंगाम वसंतातला, हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं आहे. ते चूक नव्हतं. पण हंगाम म्हणजे जास्त शक्यता, बाकीच्या महिन्यांना अभय नव्हे, हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये याच भागात अशाच रात्री ५७ माणसं गेली होती, हे मला ठाऊकही नव्हतं.

जावयाने माझं काही न ऐकता आम्हाला घराच्या मधल्या, खिडकी नसलेल्या न्हाणीघरात कोंबलं आणि वर गादी धरली. दिवे गेले. आमचं घर वाचलं. गावात सतरा जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. सकाळी अंगणात कुणाच्या तरी भिंतीतला, थंडी अडवणारा गुलाबी कापसासारखा थर विखुरलेला होता. तो मी वेचत बसले होते.

अशा दहा इशाऱ्यांपैकी सुमारे सात वेळा टोर्नेडो उतरत नाही, हे खरं आहे. म्हणूनच लोक खिडकीशी जाऊन खात्री करू पाहतात. रात्री खात्री करायला काही दिसत नाही, आणि हाती असतात सरासरी दहाएक मिनिटं. माझ्या त्या एका वाक्यात त्यातलं अर्धं मिनिट गेलं होतं.

म्हणून विनंती आहे. बातमीत टोर्नेडोला टोर्नेडोच म्हणा. ‘अचानक’ लिहिण्यापूर्वी इशारा किती वाजता दिला गेला ते पाहा, आणि ती वेळ मृतांच्या आकड्याशेजारी छापा.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका