स्लीपिंग बॅग रेन कव्हरच्या भरवशावर नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुक्कामी ट्रेकच्या तयारीवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. सामानाची यादी उपयोगी आहे. पण डाऊनची (मऊ पिसं भरलेली) स्लीपिंग बॅग कोरडी ठेवण्याबद्दल त्यात 'सॅकला रेन कव्हर घाला' एवढंच आहे. मी ट्रेकच्या तुकड्या घेऊन जाते, आणि एवढ्यावर कुणी थंडीत मुक्कामाला निघावं हे मला पटत नाही.

रेन कव्हर सॅकची पाठीला टेकणारी बाजू झाकतच नाही. पाऊस मानेवरून ओघळतो आणि पट्ट्यांच्या शिवणींतून आत झिरपतो. ओढ्यात पाय घसरला तर कव्हरमध्येच पाणी साचतं. म्हणून सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी हवी, आणि तिच्यातही स्लीपिंग बॅग वेगळ्या ड्राय बॅगमध्ये, म्हणजे तोंड गुंडाळून बंद करायच्या, पाणी आत न येऊ देणाऱ्या पिशवीत. ड्राय बॅगेतली हवा दाबून काढायची, तोंडाच्या कडा जुळवून निदान तीन घड्या घालायच्या, मगच बकल लावायचं. स्लीपिंग बॅगबरोबर मिळणारी कापडी पिशवी बहुतेक वेळा पाणी अडवत नाही, हे नव्या मुलांना कुणी सांगतच नाही.

पावसाची धास्ती सगळ्यांनाच असते. आतून येणाऱ्या ओलीकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. डाऊन म्हणजे बदकांची किंवा हंसांची मऊ पिसं, आणि ऊब टिकते ती त्यांच्यात अडकलेल्या हवेमुळे. पिसं भिजली की एकमेकांना चिकटतात, हवा निघून जाते आणि अंगावर नुसतं गार कापड उरतं. रात्रभर आपल्या श्वासातून आणि त्वचेतून वाफ निघत असते. थंडी वाजते म्हणून तोंड आत घेऊन झोपलं की ती थेट पिसांत जाते. तंबू घट्ट बंद केला तर ती कापडावर थेंब होऊन बसते. सकाळी बॅगेचा पायाकडचा भाग तंबूला टेकला होता तिथे दोन बोटांत धरून पाहावा: अस्तराखाली मसुराएवढ्या गुठळ्या हाताला लागतात. तापमान शून्याखाली असेल तर ही ओल आतच गोठते आणि दर रात्री वाढत जाते.

तेव्हा नाक-तोंड बाहेर ठेवून कानटोपी घालावी, तंबूची हवेची तोंडं उघडी ठेवावीत, पाण्याकाठच्या खोलगट जागी तंबू लावू नये. ओले मोजे बॅगेत घेऊन सुकवण्याची सवय तर मोडायलाच हवी. मोजे सुकतात, पण त्यांतली बरीच ओल पिसांत जाते. दुपारी ऊन मिळालं की बॅग उलटी करून पसरावी. अर्ध्या तासानेही फुगण्यात फरक दिसतो. पाणी न धरणारी प्रक्रिया केलेलं डाऊन मिळतं, पण त्याने भिजणं लांबतं, टळत नाही. सलग पावसात जायचं असेल तर मी सरळ सिंथेटिक बॅग घ्यायला सांगते. वजन वाढतं, पण ती ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरते.

शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हायपोथर्मिया, म्हणजे शरीर धोकादायकरीत्या गार पडणं, सुरू होतो, आणि रात्री वाटेत दुसरी बॅग मिळत नाही. म्हणून आयोजकांना विनंती, की यादीत आतली पिशवी आणि ड्राय बॅग ठळक लिहावी, आणि निघण्याआधी प्रत्येकाला सॅक उघडून दाखवायला सांगावी.

आपली,
एक ट्रेक लीडर