गाडीत शंभर जणांचं ऐकतो, घरी एकाचं नाही

संपादक साहेब, नमस्कार.

मी एसटीत वाहक आहे, सतरा वर्षं झाली. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळं काही मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या, आणि नाव छापू नका कारण विषय घरचा आहे. तुमच्या पेपरात मधूनमधून बातमी येते, मोबाईल दिला नाही म्हणून पोरानं असं केलं, आई रागावली म्हणून पोरगी घरातून निघून गेली. मग स्टॅंडवरच्या कॅंटीनला दिवसभर तीच चर्चा, "आताची लेकरं लई बिघडली बाप्पा, आमच्या टायमाला बाप नुसता खाकरला तरी सगळे गपगार." मी पण हेच म्हणायचो. आता म्हणत नाही.

आमचा थोरला आठवीला आहे. सातवीपर्यंत एकदम गरीब, पाहुणे आले की आतल्या खोलीत लपणारा. मागच्या पावसाळ्यापासून काय झालं काय माहीत, दार आपटायचं, ताट सरकवायचं, धाकटीला ढकलायचं, आईला तर असलं बोलायचा की ती स्वयंपाकघरात जाऊन रडायची. मी मुक्कामी गाडी करून सकाळी घरी आलो की बायको रात्रीची सगळी यादी वाचायची. माझ्या डोळ्यात झोप, अंगाला डिझेलचा वास, मग काय, दोन कानाखाली द्यायच्या आन झोपायचं. दोन दिवस घर शांत, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, उलट उलीसं जास्तच.

यंदा येळवसेला हद्द झाली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव शेतात जातं, कडब्याची कोप म्हणजे खोपटं करून पूजा, भज्जी, आंबील, घरात कुणी राहतच नाही. तर कोपीजवळ सगळे जेवायला बसलेले, माझ्या भावानं सहज विचारलं, "काय रे, सहामाहीला गणितात किती पडले?" आणि चुलत भाऊ फिसकन हसला. पोरगं उठलं आणि आंबिलाचं बिंदगं लाथेनं उडवलं. सगळी आंबील मातीत. माझी आई तोंडात बोट घालून बसली, सणाच्या दिवशी असं कधी झालं नव्हतं. मी त्याला सगळ्यांच्या देखत बुकलला. तो रडला नाही, नुसता माझ्याकडं बघत राहिला. साहेब, ती नजर मला अजून झोपू देत नाही.

रात्री बायको एकच वाक्य बोलली. म्हणली, "गाडीत शंभर जणांचं ऐकून घेता, घरी एकाचं नाही."

खरंच आहे की हो. सुट्ट्या पैशावरून लोक आईबहिणीवरून बोलतात, पंचाहत्तरच्या वरच्या आजोबांना 2022 पासून प्रवास फुकट आहे पण आधार कार्ड मागितलं की म्हणतात तुझ्या बापाची गाडी आहे का, महिलांचं अर्धं तिकीट झाल्यापासून वय नि स्टॉपवरून वेगळीच भांडणं. मी काय करतो? आवाज खाली घेतो. बोलू देतो. "बसा मावशी, आधी बसा, मग बघू" म्हणतो. पुढच्या स्टॉपपर्यंत माणूस आपोआप थंड होतो, मग हळूच कार्ड दाखवतो पण. भडकलेल्या माणसाला नियम सांगून काही होत नाही हे आम्हाला डेपोत कुणी शिकवलेलं नाही, पहिल्या सहा महिन्यात मार खाता खाता कळतं. आणि हे सगळं येणारा माणूस घरी आला की चौदा वर्षाच्या लेकरासमोर त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडायचा.

मधे शाळेतून बोलावणं आलं. शाळेचं नाव लिहीत नाही. वर्गात बाक उलटा केला म्हणे. सरांनी सरळ सांगितलं, "दाखला घेऊन जा, आमच्याच्यानं होणार नाही." मी हात जोडले, सॉरी म्हणलं. नंतर कळलं की 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवी होईपर्यंत लेकराला शाळेतून काढताच येत नाही, आणि त्याच कायद्याचं 17 नंबरचं कलम शाळेत मारायला आन मानसिक त्रास द्यायला बंदी घालतं. हे मला आधी माहीत असतं तर मी हात जोडले नसते, नीट बसून बोललो असतो. अर्थात सरांची पण बाजू आहे, एका वर्गात साठ पोरं कोंबल्यावर बाक उलटवणाऱ्याजवळ बसायला टाइम कुणाला? पण दाखला हातात दिला तर ते लेकरू जाणार कुठं, टपरीवरच ना.

शेवटी आमच्या डेपोतल्या एका ड्रायव्हर भाऊनं सांगितलं म्हणून सरकारी दवाखान्यात मानसोपचारच्या ओपीडीला गेलो. जाताना तोंडाला रुमाल बांधला होता, खोटं कशाला सांगू, ओळखीचं कुणी बघितलं तर म्हणतील पोरगं वेडं झालं. तिथं समुपदेशक मॅडमनी पोराला आधी बाहेर बसवलं नाही, आम्हालाच बसवलं! त्याच्याशी अर्धा तास एकट्याशी बोलल्या. मग मला म्हणल्या, "तुम्ही गाडीत तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल लिहिता ना, घरी पण लिहा पंधरा दिवस. राग किती वाजता आला, त्याच्या आधी काय झालं होतं, त्यानं काय केलं आणि मग तुम्ही काय केलं. शेवटचा कॉलम विसरू नका."

मला वाटलं, झालं, हिथं पण कागदच. पण लिहिलं. आणि साहेब, पंधरा दिवसांनी वही बघून आम्ही दोघं नवराबायको गप्पच झालो. अकरा वेळा भडकला होता, त्यातले आठ वेळा संध्याकाळी सात ते नऊच्या मधे, म्हणजे ट्यूशनहून आल्या आल्या, पोटात काही नाही, आणि दारातच "काय शिकवलं आज?" रात्री एक-एक वाजेपर्यंत मोबाईल आणि सकाळी सातची शाळा. मॅडम म्हणल्या या वयात आठ ते दहा तास झोप लागते, आणि वयात येताना झोप लागायची वेळच पुढं सरकते, त्यात मोबाईल, मग लेकरू चिडणार नाही तर काय. आणि शेवटचा कॉलम! शेवटच्या कॉलममधे सहा वेळा एकच लिहिलेलं, "मोबाईल परत दिला." म्हणजे त्यानं दहा मिनिटं घर डोक्यावर घेतलं की आम्ही वैतागून मोबाईल हातात द्यायचो. आम्हीच शिकवत होतो त्याला की बाबा रे, साधं मागितलं तर मिळत नाही, ओरडलं की मिळतं. उरलेल्या पाच वेळा मी मारलं होतं. म्हणजे मोठ्या आवाजाचं काम होतं हे पण त्याला आम्हीच दाखवत होतो.

मॅडमनी सांगितलेलं मी माझ्या भाषेत सांगतो. राग, भीती पेटवणारा मेंदूतला भाग या वयात लई जोरात असतो, आणि कपाळामागचा भाग, जो 'थांब, विचार कर' म्हणतो, तो पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. ते ऐकून आमचा ड्रायव्हर भाऊ म्हणला, "म्हणजे इंजन नवं टाकलंय आन ब्रेकचं काम अजून वर्कशॉपला." तर अशी गाडी घाटात असताना तिला लेक्चर देऊन उपयोग नाही. राग चढलेला असताना समजावणं, चुका मोजणं, "सॉरी म्हण आधी" हे सगळं बंद. आवाज कमी, शब्द कमी, त्याला थोडी जागा द्यायची, धाकटीला बाजूला न्यायचं, कुणाला लागेल असं काही असलं तर ते उचलायचं. बोलणं नंतर, पोट भरल्यावर. पण याचा अर्थ सगळं चालतं असा नाही हां. राग आला तर चालेल, पण आईला शिवी आणि बहिणीवर हात चालणार नाही, आणि जे फोडलं ते स्वतः आवरायचं. हे शांत असताना ठरवलं, कागदावर लिहून फ्रीजला चिकटवलं, मोबाईल किती वाजता ठेवायचा ते पण. त्यात त्यानं एक कलम आमच्यासाठी घातलं, पाहुण्यांसमोर मार्क विचारायचे नाहीत. मंजूर.

आणि एक गोष्ट आधीच सांगितली होती म्हणून आम्ही टिकलो. मोबाईल ओरडून मिळत नाही म्हणल्यावर पहिले आठ-दहा दिवस राग कमी होत नाही, वाढतो. दुप्पट ओरडतो, बघतो की आई-बाप कुठवर टिकतात. बरेच आई-बाप हितंच हरतात, नवव्या दिवशी देऊन टाकतात आणि मग लेकराला कळतं की नऊ दिवस ओरडायचं असतं. बायकोनं धीर धरला. मी दोनदा हात उचलला आणि खाली घेतला, एकदा मोटारसायकल काढून निघून गेलो पार अहमदपूर रोडला. येऊन त्याला म्हणलं, मला पण राग आवरंना म्हणून गेलतो. तो हसला. किती महिन्यांनी हसला.

आता सगळं गोड झालं असं लिहिणार नाही. परवाच दार आपटलं. पण शिव्या थांबल्यात, आणि गणितात काही तरी वेगळीच अडचण आहे असं मॅडमचं मत पडलं, त्याची तपासणी चालू आहे. म्हणजे ज्याला आम्ही आळस नि माज म्हणत होतो त्याच्या मागं हे असू शकतं. मॅडम म्हणल्या काही लेकरांना अक्षरं-आकडेच नीट लागत नाहीत, काहींचं एका जागी लक्षच टिकत नाही, आणि मोठ्या माणसाला उदासी आली की तो गप बसतो पण लेकरांची उदासी बऱ्याचदा चिडचिडीतून दिसते. दोन आठवड्यांच्या वर झोप, जेवण, मित्र, खेळ सगळंच बदललं तर थांबू नका म्हणल्या. आणि लेकरू मरायची भाषा बोललं तर "नाटकं करतोय" म्हणून सोडू नका, सरळ विचारा, विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार येत नाही, आणि त्याला एकटं न सोडता दवाखाना गाठा.

गाडीत मी आता वेगळ्या डोळ्यानं बघतो. रविवारी संध्याकाळी लातूरला नीटच्या क्लासला परत जाणारी पोरं खिडकीला डोकं लावून बसलेली असतात आणि बाप खाली उभा राहून शेवटचं वाक्य काय बोलतो, "वावर विकून फी भरलीय, ध्यानात ठेव." पोरगं मान हलवतं. दिवाळीच्या पुढंमागं बीडकडची ऊसतोडीची माणसं जातात, लेकरं आजीजवळ नाही तर हंगामी वसतिगृहात ठेवून. एकदा एक आजी तेरा-चौदा वर्षाच्या नातवाला घेऊन बसली होती, पोरगं तिच्या अंगावर ओरडायलंय, आजी नुसती पदर तोंडाला लावून. मागचा प्रवासी म्हणला, "दोन लावा की त्याला." त्याची माय सहा महिन्यांसाठी कारखान्यावर गेली होती हो, आठच दिवस झाले होते. मी त्याला पुढं माझ्या सीटजवळ घेतलं, मशीन हातात दिलं, म्हणलं दाब ते बटन, काढ तिकीट. लातूर येईपर्यंत बोलत होता. नियमात बसत नाही हे, साहेबांनी वाचलं तर मेमो येईल.

आता मुद्द्याचं. तुमच्या पेपरात अशी बातमी आली की खाली चौकट टाका. टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर, ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात, आई-बापांनी केला तरी चालतो. लेकरावर घरात-बाहेर अत्याचार होत असेल तर 1098. आणि सरकारी रुग्णालयांमधे मैत्री क्लिनिक असतं, 10 ते 19 वयाच्या पोरापोरींसाठीच, 2014 च्या किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातलं. मी कित्येकदा बोर्डासमोरून गेलोय, मला वाटायचं ते लग्न जुळवायचं काही तरी आहे. आणि हेडिंगला "मोबाईलच्या वेडापायी" असलं लिहू नका, कुणी जीव दिला तर कसा दिला ते सविस्तर छापू नका, प्रेस कौन्सिलनं 2019 मधेच तसं सांगितलेलं आहे असं मॅडमकडून कळलं. शाळांना पण सांगा, दाखल्याच्या आधी एक चिठ्ठी द्या, अमुक दवाखान्यात जाऊन या म्हणून. आमच्यासारख्याला ड्रायव्हर भाऊ भेटला म्हणून, नाही तर कुणी सांगत नाही.

पत्र पाठवायच्या आधी पोराला वाचून दाखवलं, त्याच्याबद्दल आहे म्हणून. येळवसेचं काढा म्हणला. मग थोड्या वेळानं परत आला, म्हणला, राहू द्या, पण बिंदगं मी लाथेनं उडवलं नव्हतं पप्पा, उठताना पाय लागला होता. मी म्हणलं मग त्या दिवशी बोलला का नाहीस. म्हणला, तुम्ही विचारलंच कुठं.

आपला,
एक एसटी वाहक, जि. लातूर