टीव्हीवाला पंतप्रधान कसा झाला

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी तुम्ही विचारलंत, टीव्हीची चॅनेलं चालवणारा बर्लुस्कोनी थेट इटलीचा पंतप्रधान कसा झाला? फोनवर धड सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

त्याचा मूळ धंदा बांधकामाचा. मिलानजवळच्या त्याच्या वसाहतीत केबलवर १९७४ साली एक छोटं चॅनेल सुरू झालं, त्याचंच १९८० मध्ये ‘कनाले ५’ झालं. पण अडचण कायद्याची होती. १९७६ च्या न्यायालयीन निकालाने खासगी चॅनेलांना फक्त आपापल्या भागात दाखवायची मुभा होती. देशभर दाखवायचा हक्क सरकारी ‘राय’चा, आपल्याकडे दूरदर्शनचा होता तसाच. त्याने तोडगा काढला तो कॅसेटींचा. कार्यक्रमाच्या प्रती काढायच्या, जाहिराती त्यातच भरायच्या, कॅसेटी गावोगावच्या केंद्रांना आधीच पोचवायच्या आणि सगळीकडे एकाच दिवशी, एकाच वेळी लावायच्या. कागदोपत्री केंद्रं स्थानिक, बघणाऱ्याला चॅनेल एकच. त्यामुळे साबणाच्या कंपनीला एकाच व्यवहारात देशभराची जाहिरात मिळे. खरा पैसा इथे होता, आणि तो गोळा करायची ‘पुब्लितालिया’ ही त्याची जाहिरात कंपनी. उणीव एकच, कॅसेटीवर थेट प्रक्षेपण होत नाही, म्हणजे ताज्या बातम्या नाहीत.

ऑक्टोबर १९८४ मध्ये तीन शहरांतल्या न्यायाधीशांनी हे बंद पाडलं. मुलांची कार्टून मालिका दिसेना, घराघरांत ओरड झाली. चारच दिवसांत पंतप्रधान क्राक्सींनी, म्हणजे त्याच्या मित्राने, वटहुकूम काढून चॅनेलं पुन्हा सुरू केली. थेट प्रक्षेपणाची रीतसर वाट मोकळी झाली ती १९९० च्या कायद्याने.

मग १९९२ पासून लाचखोरीच्या तपासात जुने पक्ष कोसळले, क्राक्सीही गेले. बर्लुस्कोनीचा राजकीय आधार तुटला. तेव्हा त्याने पक्ष काढला, ‘फोर्झा इतालिया’. फुटबॉलच्या मैदानावरची आरोळीच ही. बांधणीला माणसं पुब्लितालियाचीच. जाहिराती विकणाऱ्यांना देशभरातले कारखानदार, दुकानदार ओळखीचे होते, उमेदवार हेरायला तेच कामी आले. २६ जानेवारी १९९४ ला त्याने सभा घेतली नाही, नऊएक मिनिटांची ध्वनिचित्रफीत वाहिन्यांना पाठवली. टेबलामागे बसलेला, पाठीमागे कौटुंबिक फोटो. पुन्हा कॅसेटच, बाबा!

पण नुसत्या टीव्हीने तो जिंकला असं म्हणणं मला पटत नाही. १९९३ च्या नव्या कायद्याने तीन चतुर्थांश जागा एकेका मतदारसंघातून निवडायच्या होत्या, म्हणजे युती हवीच. त्याने उत्तरेत लेगा नोर्द या उत्तरेच्या स्वायत्ततेसाठी भांडणाऱ्या पक्षाशी हात मिळवला, मध्य आणि दक्षिणेत उजव्या राष्ट्रवाद्यांशी. या दोघांचं एकमेकांशी मुळीच पटत नव्हतं. मार्चमध्ये तो जिंकला आणि डिसेंबरमध्ये लेगाने पाठिंबा काढताच सरकार पडलं. २००१ आणि २००८ मध्ये तो परत आला.

मला सगळ्यात खटकतं ते हे की, सत्तेत असतानाही चॅनेलं त्याच्याच कुटुंबाकडे राहिली. सत्ता आणि खासगी धंदा यांच्यातल्या हितसंबंधांचा कायदा झाला २००४ मध्ये, त्याच्याच सरकारच्या काळात, आणि त्याने मालकी सोडायला लावलीच नाही.

अडकला तो शेवटी चॅनेलांच्याच व्यवहारात. अमेरिकी चित्रपटांचे हक्क फुगवलेल्या किमतीत घेतल्याचं दाखवून कर चुकवल्याबद्दल २०१३ मध्ये चार वर्षांची शिक्षा कायम झाली. तीन वर्षं माफीत गेली, उरलेल्याच्या बदल्यात समाजसेवा मिळाली. मिलानशेजारच्या एका वृद्धाश्रमात स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांजवळ, आठवड्यातून चार तास.

आई, गुडघ्याला तेल लावायला विसरू नकोस.

तुमची,
धाकटी