बाटलीवरचा इशारा फक्त वाहनचालकालाच का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्यात विशेष शिक्षिका म्हणून मी बावीस वर्षे काम केले. निवृत्तीच्या आदल्या वर्षी माझ्याकडे तिसरीतला एक मुलगा येत असे. बोलायला चुणचुणीत, वर्गातल्या सगळ्यांच्या आईवडिलांची नावे तोंडपाठ. पण हातच्याची वजाबाकी सोमवारी जमली, तरी मंगळवारी पाटी कोरी. 'डबा दप्तरात ठेव, पाण्याची बाटली भर आणि मग चपला घाल' असे एका दमात सांगितले, की तो फक्त चपला घालून दारात उभा राहायचा. शाळेच्या लेखी तो लक्ष नसलेला आणि वर खोटे बोलणारा मुलगा होता. त्याच्या आईने एकदा चाचरत सांगितले, की गरोदरपणी ती अधूनमधून वाइन घेत असे आणि डॉक्टरांकडूनही 'एखादा ग्लास चालतो' असेच उत्तर मिळाले होते. त्या मुलाच्या अडचणींचे मूळ मद्यातच होते, असे ठरवण्याचा अधिकार मला नाही. ते काम तज्ज्ञांचे. पण तिने पुढे जे विचारले, ते मला अजून सोडत नाही : "चालत नसेल, तर बाटलीवर तसे लिहिलेले का नसते?"

मी बाटली पाहिली. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आपल्याकडे मद्यावर जो इशारा असतो, त्याचा आशय मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे आणि पिऊन वाहन चालवू नका, एवढाच आहे. अमेरिकेत १९८९ पासून बाटलीवर सक्तीच्या इशाऱ्यात दोन मुद्दे येतात. त्यांतला पहिलाच गर्भवतीसाठी आहे : जन्मदोषांच्या धोक्यामुळे गरोदरपणी मद्य घेऊ नये. वाहनचालकाचा क्रमांक तिथे दुसरा लागतो. फ्रान्सच्या बाटल्यांवर २००७ पासून गर्भवती स्त्रीचे काट मारलेले चित्र किंवा तशा अर्थाचा मजकूर असतो, आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्येही २०२३ च्या मध्यापासून असा इशारा बंधनकारक झाला आहे. आपल्या बाटलीवर मात्र गर्भवतीसाठी एक अक्षरही नाही.

गरोदरपणी घेतलेल्या मद्याने बाळाला इजा होते, हे ज्ञान नवे असते, तर गोष्ट वेगळी होती. फ्रान्समधील नांत येथील डॉ. पॉल लमवान यांनी मद्यपी पालकांच्या १२७ मुलांच्या नोंदी १९६८ मध्येच प्रसिद्ध केल्या होत्या. १९७३ मध्ये सिअ‍ॅटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी आठ मुलांच्या अभ्यासातून गर्भात मद्य पोहोचल्याने होणाऱ्या या विकाराची लक्षणे मांडली आणि त्याला नाव दिले. आज सौम्य ते तीव्र अशा सर्व प्रकारांना मिळून फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर म्हणतात.

घडते ते असे. आईकडून बाळाला पोषण पुरवणारी वार (प्लासेंटा) पुष्कळ गोष्टी अडवते, पण मद्य अडवत नाही. आईच्या रक्तात जेवढे मद्य, जवळजवळ तेवढेच थोड्या वेळात बाळाच्या रक्तात असते. ते पचवण्याची ताकद बाळाच्या यकृतात अजून आलेली नसते, आणि बाळाने बाहेर टाकलेले मद्य गर्भजलात साचून पुन्हा त्याच्याच पोटात जाते, त्यामुळे आईची धुंदी उतरल्यावरही त्याची सुटका होत नाही. मेंदू तर गर्भधारणेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जन्मापर्यंत आणि पुढेही घडतच असतो. सुरुवातीच्या काळात मद्याने चेहरा घडवणाऱ्या पेशी मरतात. पुढे चेतापेशींचा आपापल्या जागी पोहोचण्याचा प्रवास चुकतो. शेवटच्या तिमाहीत, पेशींची एकमेकींशी जोडणी वेगाने होत असताना, निरोगी पेशी स्वतःलाच संपवू लागतात. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा पट्टा, लहान मेंदू आणि स्मरणाशी निगडित भाग यांना विशेष फटका बसतो. एकामागून एक आलेल्या सूचना डोक्यात धरून ठेवणे, काल शिकलेले आज आठवणे, 'असे केले तर तसे होईल' हे ताडणे, आणि गणित, याच नेमक्या या मुलांच्या अवघड जागा असतात.

बारीक डोळे, पातळ वरचा ओठ आणि नाकाखालची सपाट झालेली पन्हळ या खुणा पुस्तकांत असतात खऱ्या, पण बहुसंख्य मुलांच्या चेहऱ्यावर त्या दिसतच नाहीत आणि अनेकांचा बुद्ध्यांकही सर्वसाधारण असतो. त्यामुळे चेहरा पाहून निदान करू पाहणाऱ्यांच्या हातून ही मुले निसटतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत या विकाराचे नाव नाही; मूल मतिमंदत्वाच्या वा अध्ययन अक्षमतेच्या निकषात बसले तर सवलत, नाही तर वर्गाबाहेर अंगठे धरून उभे! शिक्षा देऊन त्याला परिणामांची जाणीव करून देणे म्हणजे ज्या क्षमतेला इजा झाली आहे, तिच्याकडूनच काम करून घेण्याचा हट्ट आहे. एका वेळी एकच सूचना आणि भिंतीवर चित्रांतले वेळापत्रक, एवढ्यानेही अशा मुलाचा दिवस बदलतो, हे मी पाहिले आहे.

'आपल्याकडे बायका पितातच किती?' हा प्रश्न मला हमखास ऐकवला जातो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील पुरुषांत हे प्रमाण सुमारे १९ टक्के आणि स्त्रियांत सुमारे १ टक्का होते. पण आपल्या लोकसंख्येत हा एक टक्काही पन्नास लाखांच्या आसपास जातो, आणि सर्वेक्षकासमोर, घरच्यांच्या देखत, किती जणी खरे सांगत असतील? शिवाय बीअर, वाइन, ताडी वा मोहाची दारू, बाळापर्यंत पोहोचणारे रसायन एकच असते. गरोदरपणी अमुक इतके घेतले तर सुरक्षित, अशी मर्यादा कोणालाही सापडलेली नाही. दिवस गेल्याचे कळण्याआधी जिने घेतली असेल, तिने अपराधी वाटून घेऊ नये. डॉक्टरांना सांगावे आणि थांबावे, कारण थांबल्यापासून पुढे घडणाऱ्या मेंदूचे नुकसान टळते. मात्र रोज भरपूर पिणारीने एकाएकी न सोडता वैद्यकीय देखरेखीखाली सोडावी, नाही तर मद्य तुटल्याचा त्रास जिवावर बेतू शकतो.

इशारा छापला की पिणे थांबेल, इतकी मी भोळी नाही. पण बाटली बहुतेक घरांत नवरा आणतो, ग्लास तोच भरतो. निदान त्याच्या डोळ्यांसमोर ते चित्र येईल आणि 'एखादा चालतो' म्हणणाऱ्या डॉक्टरांनाही ते दिसेल. म्हणून प्राधिकरणाने मराठीसह प्रादेशिक भाषांत, चित्रासह, गर्भवतीसाठीचा इशारा सक्तीचा करावा. आणि गरोदरपणाच्या नावनोंदणीच्या वेळी रक्तदाब मोजावा तितक्या सहजपणे 'मद्य घेता का?' हा प्रश्न प्रत्येकीला विचारला जावा. तो विचारताना सासूबाईंना बाहेरच्या बाकावर बसवावे, कारण 'आमच्याकडे तसले काही नाही' हे उत्तर बहुतेक वेळा त्याच देतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विशेष शिक्षिका, पुणे