जेट किट बसवताना वेगाचा काटा नव्हे, मूठ किती उघडली ते पाहावे

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पुरवणीत मोटरसायकलच्या कार्ब्युरेटरला (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) बाजारात मिळणारे जेट किट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे जेट आणि सुई यांचा संच, कसा बसवावा, याविषयीचा लेख वाचनात आला. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाड्या आजही अनेकजण जपून वापरतात आणि त्यांच्या उपयोगाचे लिखाण फारसे कोठे छापून येत नाही, म्हणून या विषयाला जागा दिल्याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. मात्र गाडी कमी वेगात अडखळत असल्यास पायलट जेट आणि जास्त वेगात कमी पडत असल्यास मेन जेट मोठा करावा, असा जो सल्ला त्या लेखात दिला आहे, तो मुळात चुकीचा असून त्यावर विसंबून काम करणाऱ्याचे इंजिन बिघडू शकते. कार्ब्युरेटरचे काम अनेक वर्षे करीत आल्यामुळे याबाबत सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

गाडी ताशी किती किलोमीटर वेगाने धावते आहे, हे कार्ब्युरेटरला कळण्याचा काही मार्गच नाही. ॲक्सिलरेटरची मूठ किती उघडली आहे आणि त्या क्षणी इंजिन किती हवा ओढते आहे, एवढ्यावरच त्याचे सारे काम चालते. मूठ बंद असल्यापासून सुमारे पाव भाग उघडेपर्यंत पायलट जेट आणि मिश्रणाचा स्क्रू यांचा अंमल असतो. पाव ते पाऊण या पट्ट्यात स्लाइडला, म्हणजे हवेची वाट उघडणाऱ्या सरकत्या भागाला, लटकणारी निमुळती सुई जसजशी वर उचलली जाते, तसतशी तिच्याभोवतीची फट वाढते आणि पेट्रोलचे प्रमाण ती फटच ठरवते. मेन जेटचा खरा अधिकार पाऊण मुठीच्या पुढे सुरू होतो. हे पट्टे एकमेकांत थोडे मिसळतात हे खरे, परंतु क्रम हाच असतो. आता असे पाहा, की वरच्या गिअरमध्ये सपाट रस्त्यावर गाडी चांगल्या वेगाने एकसारखी चाललेली असताना मूठ पुष्कळदा पाव भागाच्या आसपासच उघडलेली असते, म्हणजे त्या वेगातली तक्रार मेन जेटची नसून पायलट जेटची किंवा सुईची असते. उलट चढावर गाडी संथ चालत असताना मूठ पूर्ण पिळलेली असू शकते आणि तेथे मेन जेटचा संबंध येतो. लेखातील सल्ला मानणारा वाचक पहिल्या प्रसंगी विनाकारण मेन जेट मोठा करील आणि दोष जिथल्या तिथे राहील.

यावर उपाय सोपा आहे. मुठीवर आणि तिच्या शेजारच्या स्थिर भागावर कागदी चिकटपट्टी लावून बंद, पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा पेनाने कराव्यात आणि तक्रार नेमकी कोणत्या खुणेवर उमटते, हे किट उघडण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवावे. ज्या कार्ब्युरेटरमध्ये स्लाइड मुठीच्या तारेने थेट न उचलता डायफ्रामच्या म्हणजे पातळ रबरी पडद्याच्या आधारे, इंजिनाच्या ओढीमुळे वर येते, तेथे या खुणा थोड्या सैलपणे वाचाव्या लागतात, कारण इंजिन मंद फिरत असताना मूठ एकदम पूर्ण पिळली तरी स्लाइड लगेच पूर्ण वर जात नाही. तरीही वेगाच्या काट्यापेक्षा या खुणा कितीतरी भरवशाच्या ठरतात.

किट बसवण्याचे कारणही नीट समजून घेतले पाहिजे. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते आणि इंजिन सर्वाधिक ताकद साधारण 12.5 ते 13 भाग हवेच्या आसपास देते. धुराचे नियम पाळण्यासाठी कंपन्या अनेक गाड्यांचे मिश्रण, विशेषतः कमी मुठीवर, लीन म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त असे ठेवतात. त्यामुळे गाडी मुठीला उशिरा प्रतिसाद देते, एकसारख्या वेगात किंचित मागेपुढे ओढल्यासारखी चालते आणि गार असताना लवकर बंद पडते. योग्य किटमुळे हे दोष जातात आणि गाडी अंगाला सुखद लागते, हे मी मान्य करतो. परंतु एअर फिल्टर आणि सायलेन्सर मूळचेच असतील, तर इंजिनात येणारी हवा तेवढीच राहते, आणि जास्तीचे पेट्रोल ओतून त्या हवेतून मोठी ताकद निघत नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले जाऊ लागल्यापासून या हिशेबात आणखी एक भर पडली आहे. दहा टक्के इथेनॉल असलेल्या इंधनाला वजनाने सुमारे 14.1 भाग हवा पुरते, म्हणून निव्वळ पेट्रोलवर जुळवलेला कार्ब्युरेटर त्या इंधनावर आपोआप थोडा लीन होतो. इंजेक्शनच्या गाडीतील सेन्सर हा फरक भरून काढतो, कार्ब्युरेटरकडे तशी सोय नाही.

लेखात ज्याचा उल्लेखही नाही अशी गोष्ट म्हणजे किटपूर्वीची तपासणी. इंजिन आणि कार्ब्युरेटर यांना जोडणाऱ्या रबराला वयामुळे भेगा पडलेल्या असतील, तर तेथून हवा शिरते आणि गाडी लीन असल्याची सगळी लक्षणे दाखवते. मूठ सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट आवाज येत असेल, तर पायलट जेटला दोष देण्याआधी सायलेन्सरचा इंजिनाकडील सांधा गळतो आहे का ते पाहावे, कारण तेथून आत ओढली गेलेली हवाही तोच आवाज काढते. व्हॉल्व्हचे अंतर, स्पार्क प्लग, एअर फिल्टरची स्वच्छता आणि डायफ्रामला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडलेले नाही ना, हे तपासल्याशिवाय जेटला हात लावू नये. फ्लोटची, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बाऊलमध्ये पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची, उंची तर सर्वांत आधी मोजावी. फ्लोट बाऊलमधील पेट्रोलची पातळी वर गेली तर मिश्रण सगळ्या पट्ट्यांत रिच म्हणजे पेट्रोल जास्त असे होते आणि खाली गेली तर सगळीकडे लीन होते. ती चुकलेली असताना केलेली जेटची प्रत्येक निवड पुढे बदलावी लागते. फ्लोटची जीभ पेट्रोल अडवणाऱ्या व्हॉल्व्हच्या पिनेला नुसती टेकलेली असावी, पिनेतील स्प्रिंग दाबली गेलेली नसावी, अशा स्थितीत कार्ब्युरेटर तिरपा धरून हे माप घ्यावे.

प्रत्यक्ष काम थंड इंजिनावर, मोकळ्या हवेत, पेट्रोलचा कॉक बंद करून आणि बाऊलमधील पेट्रोल काढून करावे. जपानी कार्ब्युरेटरचे चौफुलीचे स्क्रू साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने सोडवताना त्यांची खाच झिजते, कारण त्यांची खाच जपानी मापाची असते. त्या मापाचा स्क्रूड्रायव्हर घेतला तर निम्मी कटकट वाचते. जेट पितळी असतात आणि त्यांचे आटे मऊ असतात, त्यामुळे रुंदीला नेमक्या बसणाऱ्या पात्याने ते बेताने आवळावेत. जुन्या जेटच्या भोकात तार घालून साफ करणे किंवा घरच्या ड्रिलने भोक मोठे करणे, हे दोन्ही प्रकार मी अनेकदा पाहतो आणि दोन्ही घातक आहेत. भोकाचा व्यास शंभरात पाचने वाढला, तर त्याचे क्षेत्रफळ दहा टक्क्यांहून थोडे अधिक वाढते, आणि हातातल्या ड्रिलला तेवढी अचूकता साधत नाही. कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा रबरी डायफ्रामवर उडू देऊ नये, ते फुगते आणि पुन्हा आपल्या खाचेत बसत नाही.

जेटवरील आकड्यांबाबतही एक सावधगिरी सांगतो, कारण येथे फसगत फार होते. केइहिन आणि मिकुनी या कार्ब्युरेटर बनवणाऱ्या जपानी कंपन्या आहेत; केइहिनच्या मेन जेटवरील आकडा साधारणपणे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शतांश भागांत सांगतो, तर मिकुनीच्या षट्कोनी मेन जेटवरील आकडा त्यातून वाहणाऱ्या इंधनाच्या मापावर दिलेला असतो, आणि काही किट बनवणाऱ्यांची तर आपली स्वतंत्र मोजणी असते. एका कंपनीचा 110 म्हणजे दुसऱ्या कंपनीचा 110 नव्हे. म्हणून किटमधील जेटची तुलना गाडीत आधी असलेल्या जेटशी नुसत्या आकड्यावरून करू नये.

मिश्रणाच्या स्क्रूवर कारखान्यातून बहुधा पितळी टोपण ठोकलेले असते. ते काढताना ड्रिल खोल जाऊन खालच्या स्क्रूचे डोके उडण्याचा धोका असतो, त्यासाठी बारीक ड्रिलच्या पात्यावर चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करावी, टोपणाला भोक पडताच थांबावे आणि त्यात एक छोटा स्क्रू फिरवून टोपण बाहेर ओढावे. मग मिश्रणाचा स्क्रू आतल्या बाजूस अगदी हलकेच टेकेपर्यंत फिरवून किती फेरे झाले ते मोजून लिहून ठेवावे, आणि तो पूर्ण काढल्यास त्यामागची स्प्रिंग, वॉशर व ओ-रिंग हरवू देऊ नये. हा स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा असतो आणि बाहेर काढल्यास मिश्रण रिच होते. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा असतो आणि परिणाम नेमका उलटा होतो.

सुईच्या खाचांचे गणितही अनेकांच्या डोक्यात उलटे बसलेले असते. सुईला स्लाइडमध्ये धरून ठेवणारी क्लिप सुईच्या खालच्या खाचेत घातली की सुई वर येते आणि मिश्रण रिच होते. काही किटमध्ये स्लाइडमधील भोक मोठे करण्यासाठी ड्रिल आणि बदलायची मऊ स्प्रिंग दिलेली असते. स्प्रिंग परत बदलता येते, पण एकदा मोठे केलेले भोक परत लहान होत नाही. माझे स्पष्ट मत असे, की आधी फक्त जेट आणि सुई बदलून गाडी चालवून पाहावी, ड्रिल डबीतच ठेवावे, आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग नाव लिहिलेल्या पिशवीत जपून ठेवावा.

यानंतर जुळवणीचा क्रम येतो. इंजिन पूर्ण तापल्यावर आणि चोक वापरात नसताना प्रथम मेन जेट ठरवावा, कारण त्याचा परिणाम खालच्या पट्ट्यांवरही थोडा पडतो. वाहतुकीपासून दूर, सुरक्षित जागी मूठ पूर्ण पिळून गाडी ओढत असताना मूठ किंचित मागे घ्यावी. तेवढ्याने गाडीने थोडी उचल घेतली तर मेन जेट लहान आहे, आणि ती अडखळली किंवा मिसिंग करू लागली तर तो मोठा आहे, असे समजावे. मग सुई आणि सर्वांत शेवटी मिश्रणाचा स्क्रू, असे जावे. पेट्रोलचा स्क्रू तीन फेऱ्यांहून बाहेर काढल्यावरच इंजिन सुधारत असेल, तर पायलट जेट एका मापाने मोठा हवा, आणि एका फेऱ्याच्या आतच ते उत्तम चालत असेल तर तो लहान हवा. एका वेळी एकच भाग बदलायचा, हा नियम मोडला की सारा हिशेब हातून जातो. दोन किंवा चार कार्ब्युरेटर असलेल्या गाडीत यानंतर व्हॅक्यूम गेजवर त्यांची ओढ समान करून घेणेही आवश्यक असते. स्पार्क प्लगचा रंग पाहावा, फिकट तपकिरी हा चांगला, पांढुरका हा लीनचा आणि काजळी हा रिचचा, परंतु शिसेविरहित पेट्रोलवर हा रंग उशिरा आणि फिका उमटतो. शक्य असल्यास सायलेन्सरमध्ये हवा-पेट्रोलचे प्रमाण दाखवणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावून घेतलेले माप अधिक विश्वासाचे.

हे सारे इतक्या बारकाईने लिहिण्याचे कारण असे, की दोन्ही बाजूंच्या चुकीची किंमत इंजिन भरते. फार लीन मिश्रणाने ज्वलन तापते, इंजिन ठोकू लागते आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. टू-स्ट्रोक गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असेल, तर पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि पिस्टन जाम होण्याचा धोका तेथे दुप्पट असतो. फार रिच मिश्रणात न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन खाली ऑइलमध्ये उतरते, आणि सायलेन्सरमध्ये धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर ते पेट्रोल तेथे जळून त्यालाच तापवते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वाढतो, म्हणून कोठेही असे किट बसवणाऱ्याने आपल्याकडील उत्सर्जनाचा नियम आधी वाचून घ्यावा. उंचीचाही विचार व्हावा, कारण समुद्रसपाटीपासून 3000 मीटर उंचीवर हवेची घनता सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते, आणि समुद्रकाठी जुळवलेला मेन जेट तेथे गाडीला चक्क रिच करतो.

आपणास दोन विनंत्या आहेत. लेखातील वेगाविषयीचा सल्ला दुरुस्त करून तो मुठीच्या उघडण्याच्या परिभाषेत, शक्य तर एका छोट्या आकृतीसह, पुन्हा छापावा. त्या आकृतीत पायलट जेट, सुई आणि मेन जेट यांचे पट्टे एकमेकांत मिसळताना दिसावेत. दुसरे असे, की पुरवणीत यापुढे एखाद्या किटची ओळख करून देताना त्यातील जेटचे आकडे कोणत्या मोजणीचे आहेत, ते कोणत्या उंचीसाठी आणि कोणत्या इंधनासाठी सुचवले आहेत, आणि किट बसवल्यावर स्लाइडसारखा कोणता भाग कायमचा बदलावा लागतो, एवढी माहिती किट बनवणाऱ्याकडून मागवून लेखाबरोबर द्यावी.

आपला विश्वासू,
कार्ब्युरेटरचे काम करणारा एक नियमित वाचक