जागलीला एकटे जाऊ नका

देहरादून

ती. बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "वाघ मोजले, वाढले, चांगलं झालं. पण आमच्या धानाचं काय?" तेवढ्यात रेंज गेली. हा प्रश्न दोन वाक्यांत उरकण्यासारखा नाही, म्हणून पत्रच लिहिते आहे.

इथे चांद्रबनीला, भारतीय वन्यजीव संस्थेत, आम्हाला आधी मोजायलाच शिकवतात हे खरं. पहाटे ठरलेल्या सरळ रेषेवरून चालायचं, चितळ-सांबर दिसलं की किती आहेत, किती अंतरावर, कोणत्या कोनात, ते टिपायचं. त्या अंतरांच्या हिशेबातून न दिसलेल्या जनावरांचाही अंदाज निघतो. वाघासाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे बांधतात, कारण त्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगवेगळे असतात. पूर्वी पायाच्या ठशांवरून गणती व्हायची. राजस्थानातल्या सारिस्कात कागदावर वाघ होते आणि २००५ पर्यंत उघड झालं की जंगलात एकही उरलेला नाही. त्यानंतर पद्धतच बदलली. २००६ साली देशात १,४११ वाघांचा अंदाज आला, २०२२ मध्ये ३,६८२ चा. त्यांतले ४४४ आपल्या महाराष्ट्रात.

पण तुमचा प्रश्न याच्या पुढचा आहे, आणि माझ्या मते या शिक्षणाचा खरा कस तिथेच लागतो. एक वाघ वर्षाला साधारण ५० मोठी जनावरं मारतो. त्याच्यामागे ५०० जनावरांचा आधार असेल तरच तो तगतो. आणि आपल्या ब्रह्मपुरीकडे जंगल, तळी, धानाच्या बांध्या आणि गावं एकमेकांत मिसळलेली आहेत. तिथे हा आधार म्हणजे चितळाइतकेच आपलं रानडुक्कर. तुमच्या लोंब्या खाऊन माजलेलं डुक्कर वाघाच्या विष्ठेत केसांच्या रूपाने सापडतं. सूक्ष्मदर्शकाखाली तो केस ओळखायला मी शिकले आहे.

वाघाचं पिल्लू दोनेक वर्षांचं झालं की आईला सोडून स्वतःचा मुलूख शोधायला निघतं. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या टी-१ वाघिणीचा एक बच्चा २०१९ मध्ये गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे सगळ्यांना माहीत झाला. तो भटकत भटकत १,३०० किलोमीटरहून जास्त अंतर तोडून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. दिवसा नाल्यात, झुडपात दडायचा, रात्री शेतांतून चालायचा. वाटेतल्या बहुतेक गावांना पत्ताही लागला नाही. वाघ माणसाला टाळतो, हे यातून दिसतं. घात होतो तो अंधारात एकटा माणूस अचानक समोर आला की, नाहीतर कोणी वाकून काम करत असताना.

म्हणून बाबा, रात्री शेत राखायला जाता त्या तुमच्या जागलीची मला काळजी वाटते. धान लोंबीवर आहे, तुम्ही जाणारच, हे मला कळतं. पण एकटे जाऊ नका. शेजारच्या काकांना सोबत घ्या, टॉर्च लावून बोलत-बोलत जा, आणि झोपा मचाणावरच, धुऱ्यावर नको. आणि कोणी कितीही आग्रह केला तरी शेताला करंट लावू नका. घरगुती लाइनवरून सोडलेली तार डुकराला मारते, वाघाला मारते आणि पहाटे पाणी बघायला आलेल्या माणसालाही सोडत नाही. सौर कुंपणाचं तसं नाही. त्यात दाब हजारो व्होल्टचा असला तरी झटका क्षणाच्या अगदी बारीक भागापुरताच असतो. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. फक्त तारेला गवत टेकू द्यायचं नाही, नाहीतर सगळा झटका जमिनीत जातो.

मात्र एकट्या आपल्या शेताला कुंपण घालून भागणार नाही. आपण अडवलेला कळप तसाच शेजारच्या बांधीत शिरेल आणि तो शेतकरी आपल्यापेक्षा गरीब असेल तर पाप आपल्याच माथी. जंगलाच्या कडेचं सगळं शिवार मिळून कुंपण केलं तर खर्चही वाटला जातो आणि राखण्याचं कामही. शासनाच्या श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं. ग्रामसभेत हा विषय काढा, बाबा. तुमचं बोलणं गाव ऐकतं.

आता माझं. शेवटच्या सत्राच्या प्रबंधासाठी मी हिमालय मागितला नाही, आपलाच भाग मागितला आणि तो मिळाला. डिसेंबरपासून मी सिंदेवाहीकडे असेन. कोणत्या शेतात, जंगलापासून किती अंतरावर, कोणतं जनावर किती पीक खातं, हे मी मोजणार आहे. तेव्हा लाखोळी, हरभरा उभा असेल. आई, मुलगी शिकून पुन्हा रानातच आली असं बायका म्हणतील, तुला वाईट वाटेल. पण मला हेच काम करायचं आहे आणि ते आपल्याच माणसांसाठी करायचं आहे. नोकरीचं मी बघते आहे. वन विभागाच्या परीक्षेचा अर्जही भरणार आहे.

बाबा, तोवर एक मदत करा. माझ्या जुन्या वहीत रोज सकाळी लिहून ठेवा: रात्री कोण आलं, डुक्कर की रोही, कोणत्या बाजूने, किती बांध्या तुडवल्या. नुकसान झालं की त्याच दिवशी वन कार्यालयात अर्ज द्या, पंचनाम्याची प्रत मागून घ्या आणि तीही त्या वहीतच ठेवा.

तुमची,
मनू